पुसट आक्का

कागदावर नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागत नाही, म्हणून सुरुवातीलाच घेऊन टाकते. कृष्णात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. सकाळी इस्त्रीच्या शर्टात जायचे आणि संध्याकाळी ऑइलच्या वासासकट परत यायचे. मी गडहिंग्लजची, मंगळवार पेठेतल्या शाळेत शिक्षिका. मी दिवसभर बोलून दमलेली आणि हे दिवसभर यंत्राची घरघर ऐकून, त्यामुळे आमचा संसार बराच शांततेत चालला. बाया विचारत, मास्तरीणबाई, एवढ्या अबोल माणसाशी कसं जमतं तुमचं? मी म्हणायची, मला जन्मभर पुरेल असा ऐकणारा मिळालाय, तुमचं काय ते सांगा.

या माणसाला नाद एकच, फोटोचा. तोही काढायचा नाही, मोठा करायचा. काढायला काय, कुणीही काढतं, असं यांचं मत. खरी गंमत पुढं, अंधारात. फिल्म धुतली की आगपेटीएवढं चित्र मिळतं, त्यात काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. ती निगेटिव्ह. तिच्यामागं दिवा लावायचा, भिंगातून तिची सावली खाली मोठ्या कागदावर पाडायची, आणि तो कागद औषधाच्या पाण्यात सोडायचा. सावली पाडणाऱ्या यंत्राला एन्लार्जर म्हणतात. विकतचा एन्लार्जर आणणं यांना कमीपणाचं वाटलं असतं. भंगारातल्या एका शाफ्टला लेथवर घासून त्याचा खांब केला. दिव्याला घर म्हणून दुधाची जुनी किटली उलटी टांगली. जुन्या बाजारात एक मोडका कॅमेरा मिळाला, त्याचं भिंग पितळी कडीत बसवून किटलीच्या तोंडाशी आट्यांवर फिरवून लावलं. आणि हे सगळं प्रकरण न्हाणीघराच्या भिंतीला पक्कं ठोकलं. उलट्या किटलीशेजारी आंघोळ करणारी गडहिंग्लजातली मी पहिलीच लेक असेन.

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की न्हाणीच्या खिडकीला घोंगडं लागायचं. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या जायच्या. बाहेर दुपारचं रणरणतं ऊन आणि आत काळोख, त्यात लाल कागद गुंडाळलेला एक बारकासा दिवा. मला तिथं बसायची परवानगी होती, कागद पाण्यात सोडायचं काम माझ्याकडं होतं म्हणून. कोरा कागद पाण्यात डुलत राहायचा आणि मग कुठूनतरी त्यात एक कपाळ यायचं. मग भुवया, मग डोळे, मग सगळं माणूस. कितीही वेळा बघितलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा. आम्ही दोघं बोलायचो नाही. पाणी हलल्याचा आवाज, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा आंबूस वास, आणि भिंतीपलीकडं आकाराम गवळ्याच्या गोठ्यात रवंथ करणारी म्हैस. मला कधी कधी वाटायचं, आपण जागे नाहीच, दुपारी जेवून आडवे झालोय आणि हे सगळं डोळ्यांवर आलेल्या झापडीत चाललंय. दार उघडून बाहेर आलं की अंगणातलं ऊन परक्या गावचं वाटायचं.

या घरातला तिसरा आवाज म्हणजे आक्का, यांच्या आई. नाव धोंडुबाई, पण पोटच्या लेकापासून गवळ्यापर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणत. वारणेकाठच्या खेड्यातून मुलाबरोबर कोल्हापुरात आलेल्या. कपाळावर हिरवं गोंदण, आणि हाक मारली की गल्लीच्या टोकावरचा न्हावी हातातला वस्तरा थांबवायचा. आमचं पटायचं असं मी म्हणणार नाही. पण भांडायला आम्हा दोघींना एकमेकींवाचून कुणी नव्हतं, आणि हे दोघींनाही माहीत होतं.

यांनी सगळ्या गल्लीचे फोटो काढले. बारशाची बाळं, लग्नं ठरायच्या मुली, तालमीतली पोरं, आकारामची म्हैस चंद्रीसुद्धा शिंगाला झेंडू बांधून. फक्त आक्कांचा एकही नाही. कॅमेरा दिसला की त्या तोंडाला पदर लावून चुलीकडं जायच्या. "मेल्यावर भिंतीवर जायाचंच हाय," म्हणायच्या, "आत्ताच कशाला चढवतोस?" यांनी बरीच वर्षं मनधरणी केली आणि शेवटी हात टेकले.

आमच्याकडं खंडेनवमी मोठी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची आणि ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते सगळं हत्यारच, असा आक्कांचा हिशेब. विळी, खुरपं, यांची लेथची पाती, माझी शाळेतली पट्टी आणि खडूचा डबा, कॅमेरा, सगळं घासूनपुसून पाटावर यायचं. एन्लार्जर भिंतीला ठोकलेला, म्हणून त्याच्या वतीनं त्याचं भिंग यायचं. वर्षातून त्या एका दिवशी हे ते फिरवून काढत, पुसत आणि वाटीत ठेवत. गंध पितळी कडीला लाव, काचेला लावू नको, ही यांची दरवर्षीची सूचना. "मला शिकवतोस व्हय," हे आक्कांचं दरवर्षीचं उत्तर. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या दुपारपर्यंत पाटावरच्या कशालाही हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आधीच चिरून ठेवावी लागायची.

चौऱ्याहत्तर सालच्या खंडेनवमीला आक्कांनी यांनी आणलेलं नवं इरकली लुगडं नेसून पूजा केली. सगळ्या हत्यारांना गंध लावून झालं, फुलं वाहून झाली. मग उठल्या, परसदाराच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लुगडं नवं हाय. माझा बी एक काढ की."

हे बघतच राहिले. मग चाचरत म्हणाले की कॅमेरा पूजेत आहे, उद्या काढतो. आक्का चौकटीतून परत आल्या, वाकल्या आणि पाटावरचा कॅमेरा उचलून त्यांनी लेकाच्या हातात दिला. "मीच ठेवलं, मीच उचलती. काढ."

दाराशी उभं राहून त्यांनी डोक्यावरचा पदर हातानं सारखा केला आणि तेवढ्यात यांनी कळ दाबली. फिल्मवरचा शेवटचाच फोटो होता तो.

कोजागिरी यायच्या आत आक्का गेल्या. सकाळी दूध तापवताना छातीत कळ आली आणि दूध उतू जायच्या आधी सगळं आटपलं. त्यांच्या जाण्यात काही मोठं नाट्य नव्हतं, आणि म्हणूनच ते आम्हा दोघांना खरं वाटेना. मी कितीतरी दिवस स्वयंपाक करताना त्यांच्या वाटणीचं तिखट जास्त टाकत होते. यांनी पाटावर अजून उरलेली हत्यारं न बघताच गोळा केली, वाटीतलं भिंग जागेवर फिरवून बसवलं आणि किटलीवर फडकं बांधून टाकलं. कॅमेरा फिल्मसकट कपाटात गेला. वर्षभर न्हाणीघर नुसतं न्हाणीघर राहिलं.

पुढच्या वर्षी श्रावण सरला आणि वर्षश्राद्ध तोंडावर आलं. गावाकडून माणसं यायची होती. यांचे चुलते ज्ञानूतात्या निरोप पाठवून चौकशी करायला लागले की वहिनीचा फोटो कुठं लावलाय. तेव्हा यांनी कपाट उघडलं, फिल्म धुतली, आणि आक्कांची निगेटिव्ह खिडकीच्या उजेडाला धरून बराच वेळ उभे राहिले. निगेटिव्हमध्ये माणूस उलटं दिसतं, तोंड काळं आणि केस पांढरे. मला त्यात आक्का काही दिसल्या नाहीत. यांना दिसल्या असाव्यात.

त्या दुपारी खिडकीला पुन्हा घोंगडं लागलं. मी कागद पाण्यात सोडला. चौकट आली, पदराचे काठ आले, आणि मग तोंडाच्या जागी एक धुकट डाग आला आणि तसाच राहिला. कडा नाही, रेघ नाही. कपाळावरचं गोंदण पाण्यात विरघळून गेल्यासारखं. आम्ही वाट बघत राहिलो, पण आक्का त्यापुढं यायला तयार नव्हत्या.

मी म्हटलं, हलल्या असतील. यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन निगेटिव्ह बहिर्गोल भिंगाखाली धरली. पापण्यांची रेघसुद्धा कोरल्यासारखी होती, म्हणजे फोटो नीट निघाला होता. मग यांनी चंद्रीची जुनी निगेटिव्ह काढली. पूर्वी तिचा फोटो लख्ख आला होता, शिंगावरच्या रेघा मोजता येतील इतका. आता चंद्रीही पुसट आली. म्हणजे दोष ना आक्कांचा, ना म्हशीचा. दोष किटलीत.

मग यांच्या डोक्यात जो भुंगा शिरला तो शिरला. पहिला संशय धक्क्याचा. कागदावर सावली पडत असताना यंत्र हललं तर रेघेशेजारी रेघ उमटते. भिंतीपलीकडं चंद्रीची दावण, आणि ती मान खाजवायची ती नेमकी आमच्या भिंतीला. हे आकारामकडं गेले आणि म्हणाले, दुपारची तेवढी तिला दुसरीकडं बांध. आकारामनं यांना खालीवर बघितलं. "कृष्णातराव, म्हस काय मला इचारून मान खाजवत न्हाय," तो म्हणाला. पण आक्कांचा फोटो आहे हे कळल्यावर त्यानं चंद्रीला बाहेर लिंबाखाली नेऊन बांधलं. दुहेरी रेघा एकेरी झाल्या, पण आक्का पुसटच राहिल्या.

दुसरा संशय उष्णतेचा. दिव्यानं किटली तापली की निगेटिव्ह पापडासारखी मधोमध फुगते आणि नेमका मधला भाग पुसट येतो. आक्का मधोमधच होत्या. यांनी किटलीला भोकं पाडली, बारका दिवा लावला, निगेटिव्ह दोन काचांत घट्ट दाबली. कडेची चौकट आणि मधल्या आक्का आता सारख्याच पुसट यायला लागल्या, एवढीच प्रगती. मग भिंग केसभर वर, केसभर खाली. कागद बदलला, औषध बदललं. भिंगाची खालची काच हे दर वेळी मऊ फडक्यानं पुसत. आणि तरीही प्रत्येक कागदावर दुधावर साय धरावी तसं काहीतरी आक्कांच्या तोंडावर धरलेलंच.

दोरीवर पुसट आक्का वाळत पडायच्या. सुट्टीमागून सुट्टी तेच. न्हाणीतून बाहेर आलं की दारातच त्या चिमट्यांना लटकलेल्या, वाऱ्यानं हलताहेत, ओळखीच्या आणि तरी ओळख न देणाऱ्या. मला त्यांचा राग यायचा. जिवंतपणी एवढ्या ठसठशीत असलेल्या बाईनं असं धुक्यात उभं राहावं हे मला सहन होईना. एकदा मी चिडून म्हणाले की रंकाळ्याकडं जाताना एक स्टुडिओ लागतो, त्याला द्या निगेटिव्ह आणि मोकळे व्हा. हे म्हणाले, पुसट कागद दाखवायला नेला होता. स्टुडिओवाला म्हणाला, काळजी करू नका, ब्रशानं डोळे काढून देतो. तेव्हापासून परत गेलो नाही.

मग हे दोरीकडं बघत राहिले, आणि एकदम म्हणाले, "मीनाक्षी, मी तिचं तोंड इसरायला लागलोय. डोळं मिटलं की ह्योच फोटो दिसतोय, पुसट."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या तोंडून एवढं भ्यालेलं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी उठले आणि दोरीवरचे सगळे कागद काढून ट्रंकेत उपडे ठेवले.

पंचाहत्तरची खंडेनवमी उजाडली. वर्षश्राद्धाला आता जेमतेम आठवडा होता. पूजा माझ्यावर आली होती आणि मी सकाळपासून कावलेली, कारण कशात काय असतं ते सगळं आक्कांनाच ठाऊक. मी सहाणेवर चंदन उगाळत होते. हे न्हाणीत भिंग काढायला गेले आणि आलेच नाहीत. मी हाक मारली. शेवटी हात तसेच घेऊन मी आत गेले.

खिडकी उघडी होती आणि उन्हाची तिरीप न्हाणीच्या दगडावर आली होती. त्या दगडावर हे बसले होते, हातात भिंग, उलटं. भिंगाची वरची काच, जी वर्षभर किटलीच्या पोटात असते आणि खंडेनवमीखेरीज कुणाच्या दृष्टीस पडत नाही. त्या काचेवर मधोमध वाळलेलं गंध होतं. गोल, बोटाएवढं. आणि त्यात बोटाच्या रेषा, एकात एक, सगळ्या स्वच्छ.

मला उमगायला वेळ लागला. गेल्या वर्षी भिंग वाटीत उपडं ठेवलं गेलं असणार. पितळी कडी खाली गेली आणि वर दिसली ती काच. आक्कांना एन्लार्जरचा डोळा दिसला आणि डोळ्याच्या वर कपाळ असतंच असं धरून त्यांनी गंधाचं बोट टेकवलं. गेला महिनाभर आम्ही ज्याला शोधत होतो, त्या म्हशीला ज्याच्यापायी लिंबाखाली उन्हात बांधलं, ते हे होतं. आक्कांच्या तोंडावर आक्कांचंच बोट.

"पुसलं की तिचं बोट गेलं," हे म्हणाले.

मी म्हणाले, "आणि न्हाई पुसलं तर तोंड गेलं."

मला रडायला येत होतं आणि हात चंदनानं भरलेले. बाईची एवढीच एक निगेटिव्ह, आणि एवढाच एक ठसा. लुगडी वाटून टाकली, जोडवी मोडून चुलत नणंदेला काहीतरी केलं. अंगाची म्हणावी अशी हीच खूण राहिली होती, तीही नको तिथं उमटलेली.

हे उठले. भिंग तसंच, गंधासकट, वाटीत ठेवून पाटावर मांडलं. मी पूजा केली. विळीला गंध लावलं, पट्टीला लावलं, कॅमेऱ्याला लावलं. वाटीपाशी माझा हात थांबला तसे हे म्हणाले, त्याला नको, त्याला गेल्या वर्षीचं आहे की. मी नुसतं फूल वाहिलं. त्या पूजेत आक्कांचं बोट आमच्याबरोबर होतं, याला कुणी भाबडेपणा म्हणालं तरी मी वाद घालणार नाही.

आरती झाली. हे हात जोडून उभे होते. मग वाकले आणि वाटीतलं भिंग उचललं.

"मीच ठेवलं, मीच उचलतो," म्हणाले. माझ्याकडं बघून नाही, पाटाकडं बघून.

भिंगं पुसायला आमच्याकडं पहिल्यापासून आक्कांच्या विटलेल्या लुगड्याचं फडकं असायचं, त्याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही म्हणून. हे काचेवर तोंडाची वाफ सोडत होते आणि त्या फडक्यानं हळूहळू पुसत होते, बारक्या पोराचं नाक पुसावं तसं. मग ते फडकं न झटकता घडी करून खिशात ठेवलं. आकारामला काही सांगावं लागलं नाही. खिडकीला घोंगडं लागलेलं त्यानं बघितलं आणि चंद्रीला घेऊन तो लिंबाखाली गेला.

आत लाल काळोख झाला. भरल्या दिवसा आमच्याभोवती पुन्हा ती रात्र आली आणि पलीकडच्या गल्लीतली हलगी आठवणीतल्या आवाजासारखी दुरून ऐकू यायला लागली. मी कागद पाण्यात सोडला. चौकट आली. तिच्या लाकडावरचा खिळा आला, जो मी रोज बघते आणि कधीच बघितला नव्हता. इरकलीचा काठ आला. मग भांगाची रेघ, गोंदणाचे ठिपके, एकेक सुटा. मग पापण्या, आणि आक्का पाण्यातून सरळ आमच्याकडं बघायला लागल्या. आता काहीतरी टोचून बोलतील अशा.

"ही आक्का," हे म्हणाले. त्यांचा आवाज सुटला होता, खांदे खाली आले होते. त्यांना त्यांची आई परत आठवली होती आणि ते मला त्या अंधारातसुद्धा दिसत होतं.

मी मात्र तोंडाकडं बघत नव्हते. पदर सारखा करायला उचललेला हात आत्तापर्यंतच्या सगळ्या कागदांत नुसता गोळा यायचा. आता त्याची बोटं सुटी झाली होती. रापलेली, काळी बोटं. आणि करंगळीशेजारच्या बोटाचं टोक तेवढं पांढरं.

मी यांचा हात धरून पाण्यावर आणला. "बोट बघा," म्हटलं.

गंध होतं ते, ओलं. भिंगाला टेकवून त्या नुकत्याच उठल्या होत्या, बोट पुसायचं राहून गेलं होतं. खाली वाकून हे इतका वेळ बघत राहिले की मला कागद काळा पडेल अशी भीती वाटली. मग मीच तो चिमट्यानं उचलून हायपोत सोडला. हे न्हाणीच्या दगडावर बसले आणि वर्षभराचं राहिलेलं रडले. मी दार उघडलं नाही. काळोख अजून थोडा हवा होता.

वर्षश्राद्धाला ज्ञानूतात्या आणि गावाकडची माणसं आली. चौकटीतल्या आक्का भिंतीवर चढल्या होत्या, म्हणाल्या होत्या तशा. हार घातला. यांनी गंधाची वाटी घेतली आणि करंगळीशेजारचं बोट बुडवून फोटोच्या काचेवर टेकवलं, कपाळावर नाही, आक्कांच्या बोटावर. ज्ञानूतात्या म्हणाले, अरे, गंध कपाळाला लावतात. यांनी वाटी खाली ठेवली आणि मीही समजावत बसले नाही.

त्याला आता आठ वर्षं होत आली. हे एन्लार्जरच्या भिंगाच्या दोन्ही काचा दर वेळी पुसतात. घरातल्या बाकीच्या काचा दिवाळीला मी पुसते, आक्कांचीही. फक्त तिच्यावरचा तो ठसा सोडून, कडेकडेनं. जवळ गेलं की तेवढी जागा मळकी दिसते. आक्का असत्या तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या असत्या, मास्तरीणबाईला साधी काच पुसाय येत न्हाय.